मैत्रीत कसला हिशेब?

अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकाव्या लागतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, ही एक. दुसरी, स्प्लिटवाइज. चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहतात, तांदळाची वीस पौंडांची पिशवी एक जण आणतो, विजेचं बिल दुसरा भरतो, आणि महिनाअखेरीस कोणाचं कोणाकडे किती येणं निघतं ते फोन सांगतो. तुम्ही त्यातून गेला असाल तर हेही आठवत असेल, की सुरुवातीला ते फार खटकतं. हॉटेलच्या गल्ल्यापाशी चहाचे पैसे कोण देणार यावरून झटापट करणारी माणसं आपण. दीड डॉलरची कोथिंबीर चार नावांत वाटून टाकायची म्हणजे काहीतरी हलकं काम केल्यासारखं वाटतं. "मैत्रीत कसला हिशेब?" हे वाक्य आपण उत्तर म्हणून वापरतो, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असलं तरी.

मला तो प्रश्न प्रश्न म्हणूनच विचारायचा आहे. मैत्रीत हिशेब असावा का, आणि असला तर तो कशासाठी? मी तत्त्वज्ञानाची अभ्यासक नाही, मातीतल्या बुरशीवर काम करते. पण हा प्रश्न गेली बारा वर्षं माझ्या मागे आहे, आणि तो माझ्या मागे लागला तो एका लांबच्या रस्त्यावर.

२०१३ सालच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी मैत्रीण उत्तर कॅरोलायनातल्या रॉलीहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेपर्यंत गाडीने गेलो. तिचं एम.एस. संपून नोकरी लागली होती. मी तिथेच पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. दोघी चोविशीतल्या. गाडी तिची, १९९९ सालची कोरोला, एक लाख सत्तर हजार मैल झालेली. ती ट्रकवर चढवून पाठवायची तर हजारभर डॉलर लागणार होते आणि पहिला पगार हातात यायला अवकाश होता. म्हणून चालवत न्यायची ठरली. सुमारे अठ्ठावीसशे मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर, आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच रस्त्यावर. आय-४० हा महामार्ग अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ विल्मिंग्टनला सुरू होतो आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बार्स्टोला संपतो. विल्मिंग्टनला पूर्वी 'बार्स्टो, कॅलिफोर्निया, २५५४ मैल' अशी पाटी होती. ती इतक्या वेळा चोरीला गेली, की शेवटी सरकारने ती पुन्हा लावायचा नाद सोडला.

निघण्याआधीच आमचं भांडण झालं. ती म्हणाली, गाडी माझी, सामान माझं, नोकरी माझी, तेव्हा पेट्रोल आणि मोटेल सगळं माझ्याकडे. मी म्हटलं, मग मी कोण? ड्रायव्हर? मला हा देश बघायचा आहे, मी माझ्या हौसेने येते आहे, अर्धा खर्च माझा. त्यावर तिचं म्हणणं, अर्धा खर्च तू दिलास तर माझ्या घर बदलण्याचे पैसे तू भरलेस असं होईल. दोघींचं म्हणणं बरोबर होतं, हीच अडचण होती. तिने सगळं दिलं तर माझ्या सोबतीची मजुरी झाली. मी अर्धं दिलं तर तिच्यावर उपकार झाला. शेवटी पेट्रोल-मोटेल निम्मं-निम्मं, जेवण ज्याचं त्याचं आणि माझं परतीचं विमान तिच्याकडे असा तह झाला. 'तह' हाच शब्द तिने वापरला होता.

प्रवासाचं वर्णन मी फार करणार नाही, ते तुम्ही केलं असेल किंवा ऐकलं असेल. टेनेसीचे डोंगर, मेम्फिसला एवढीशी वाटलेली मिसिसिपी, आणि ती ओलांडल्यावर आर्कान्सामध्ये मैलोन्मैल भातशेती. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ या एका राज्यात पिकतो हे आम्हाला माहीत नव्हतं. मैत्रीण भंडाऱ्याची. चिखलणी नसलेली, सपाट, यंत्राने नांगरलेली ती भातखाचरं बघून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "इथे बांधावर कोणीच नाही."

चौथ्या दिवशी सकाळी अमरिलो सोडलं आणि टेक्सासची हद्द संपायच्या सुमारास बॅटरीचा लाल दिवा लागला. न्यू मेक्सिकोत शिरल्यावर गाडी बंद पडली. टो करून तुकमकारी नावाच्या गावी नेली. जुन्या रूट ६६ वरचं गाव, निऑनच्या पाट्यांची मोटेलं, आणि त्यातली बरीचशी बंद. अल्टरनेटर गेला होता. नवा दुसऱ्या दिवशी येणार होता. टोचे आणि दुरुस्तीचे मिळून ५०७ डॉलर. तिच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०० डॉलर. नवख्या विद्यार्थ्याला बँक त्याहून जास्त विश्वास दाखवत नाही, आणि त्यातले निम्मे मोटेलांवर आधीच खर्च झाले होते. माझ्या खात्यात एक तारखेच्या स्टायपेंडपर्यंत सातशेच्या आसपास होते. मी कार्ड काढून दिलं.

त्या दिवशी तारीख होती २८ ऑगस्ट. तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा घरी पैसे पाठवले असतील त्यांना ती आठवत असेल, कारण त्या दिवशी रुपया घसरून एका डॉलरला ६८ च्या पुढे गेला होता. मोटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावून, मेतकूट-दह्याशी तो खाताखाता ती मोटेलच्या कागदावर आकडेमोड करत होती. तिचं शिक्षणाचं कर्ज वीस लाखांचं, त्याला तारण भंडाऱ्याचं राहतं घर. जुलैमध्ये साठच्या भावाने ते तेहतीस हजार डॉलर होतं, आता साडेएकोणतीस हजारांच्या आत आलं होतं. एका महिन्यात जवळजवळ चार हजार डॉलर कमी. आणि त्याच दुपारी पाचशे डॉलरसाठी तिला माझ्याकडे बघावं लागलं होतं. ती हसली नाही. मी मात्र हसले होते, मला त्यातला विनोद दिसला. माझ्यावर कर्ज नव्हतं.

एक दिवस वाया गेल्यामुळे ग्रँड कॅन्यन राहिलं. शनिवारी दुपारी अपार्टमेंटचं ऑफिस बंद होण्याआधी किल्ली घ्यायची होती. फ्लॅगस्टाफहून कॅन्यनच्या दक्षिण कडेपर्यंत जाऊन येणं म्हणजे किमान तीन तास. मी त्या कॅन्यनसाठी तर आले होते. फ्लॅगस्टाफच्या फाट्यावर तिने ब्लिंकर दिला, मी तो बंद केला. आता हे कोणाच्या खात्यात लिहायचं? गाडी बंद पडल्यामुळे कॅन्यन हुकलं ते माझं येणं, की ती वेळ नसताना वळायला तयार होती ते तिचं? ॲपमध्ये त्यासाठी रकाना नाही. असता तरी आम्ही काय आकडा टाकला असता?

सप्टेंबरच्या मध्याला तिचा पहिला पगार झाला. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यात ५४३ डॉलर १७ सेंट आले. अल्टरनेटर, टो आणि उरलेसुरले फरक, सगळं धरून. ॲपने कळवलं, की आता तुम्हा दोघींमध्ये काही देणंघेणं नाही.

'काही देणंघेणं नाही.' हे वाक्य मराठीत जरा मोठ्याने म्हणून बघा. "माझं तिच्याशी काही देणंघेणं नाही" असं आपण कोणाबद्दल म्हणतो?

भाषेला हे आपल्याआधी कळलेलं असतं. संबंध तोडायचा असेल तर आपण देणंघेणं संपवतो. शेजारणीने वाटीतून काही पाठवलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, हे तुमच्या-माझ्या आईने कधी शिकवलं नाही आणि आपल्याला तरी माहीत आहे. पण तिने पाठवलेलीच खीर, तेवढीच, तशीच परत पाठवली तर? तो अपमान होईल. काहीतरी वेगळं जायला हवं, थोडं कमी किंवा थोडं जास्त, म्हणजे वाटी येत-जात राहते. लॉरा बोहॅनन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना नायजेरियातल्या तिव लोकांत हाच धडा मिळाला होता. शेजारणी भाजी, अंडी, शेंगदाणे आणून देत. परत काहीतरी द्यायलाच हवं, पण बरोबर तेवढ्याच किमतीचं कधीच नाही. तेवढंच परत करणं म्हणजे आता आपला संबंध संपवू या असं सांगणं. डेव्हिड ग्रेबर यांच्या २०११ सालच्या कर्जावरच्या पुस्तकात मला हा किस्सा भेटला, आणि वाचताना मी सरळ आमच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात पोचले.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे हिशेब वाईटच की. मला तसं म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण आहे आहेराची वही.

आमच्या घरी माझ्या आईच्या लग्नातली वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. कोणी पातेलं दिलं, कोणी अकरा रुपये, कोणी खण. प्रत्येक नाव, गाव, वस्तू. ही वही पुढची तीस वर्षं घरात कोणाचं लग्न निघालं की बाहेर यायची. त्यांनी आपल्याला काय केलं होतं ते बघितलं जायचं आणि त्याहून थोडं चढतं नेलं जायचं. ज्या माणसांनी "मैत्रीत कसला हिशेब" हे वाक्य मला शिकवलं, तीच माणसं कापडी बांधणीच्या वहीत पातेल्याचा हिशेब तीन दशकं सांभाळत होती. यात मला ढोंग दिसत नाही. वही होती ती लक्षात ठेवण्यासाठी, आणि लक्षात ठेवणं हाच आदर होता. ती मिटवण्यासाठी नव्हती. कुठल्याही पानावर 'फिटलं' असं लिहिलेलं नाही.

शेतीतही दोन्ही चाली होत्या. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या, आणि सावड फेडावी लागते, दिवसाला दिवस. इर्जिक म्हणजे सगळे आपापले बैल घेऊन एकाच्या शेतात येतात, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, मोजणी नाही. दोन्ही शब्द आता शब्दकोशात जास्त आणि शिवारात कमी आढळतात, पण ते एकाच गावात, एकाच माणसांमध्ये नांदत होते हे मला महत्त्वाचं वाटतं. कधी मोजायचं आणि कधी नाही, हे त्या माणसांना कळत होतं.

(माझ्या विषयातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाडाच्या मुळांशी राहणारी बुरशी झाडाला फॉस्फरस देते आणि झाड तिला साखर देतं. २०११ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात दाखवलं होतं, की झाड जास्त देणाऱ्या बुरशीला जास्त साखर पुरवतं, आणि बुरशीही तशीच वागते. एकमेकांच्या आधाराने जगणारे जीवही मोजमाप करतात तर! अर्थात त्याला हिशेब म्हणणं ही आपली भाषा. झाडाला लाज वाटत नाही आणि बुरशीला उपकार टोचत नाहीत. आपला सगळा प्रश्न तिथेच आहे.)

कारण उपकार टोचतो. कांटने १७९७ साली नीतिशास्त्रावर लिहिताना मैत्रीबद्दल एक अवघड गोष्ट सांगितली आहे: मित्राकडून उपकार स्वीकारला की बरोबरी डळमळते, देणारा एक पायरी वर जातो, घेणारा खाली, आणि मैत्रीला तर बरोबरी लागते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कोरडं, प्रशियन वाटलं. पण तुकमकारीच्या खोलीतला तिचा चेहरा आठवला की कोरडं वाटत नाही.

मी तिला नंतर एकदा फोनवर म्हटलं, इतकी घाई काय होती, मी कुठे मागत होते? आपल्याकडे पुस्तकाच्या सुरुवातीला 'ऋणनिर्देश' असतो, सभेत लोक म्हणतात की आभार मानून मोकळं व्हायचं नाही, ऋणातच राहायचं आहे. किती सुंदर कल्पना आहे. ती थोडी थांबून म्हणाली, "तुला ऋण म्हणजे कविता वाटते गं. मला हप्ता दिसतो."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधायची मला इच्छाही नाही. आजूबाजूला बघा. "अरे सोड रे, आपल्यात कसला हिशेब" हे कोण म्हणतं? बहुतेक वेळा ज्याच्या खिशात आहे तो. ज्याच्या खिशात नाही तो काही म्हणत नाही. तो मनात आकडा धरून बसतो, पुढच्या वेळी जेवायला येत नाही, "काम आहे" म्हणतो. न लिहिलेला हिशेब नाहीसा होत नाही, तो फक्त गरीब माणसाच्या डोक्यात राहायला जातो. कोथिंबिरीचे साडेसदतीस सेंट लिहून ठेवणारं ते ॲप आपल्याला क्षुद्र वाटतं, पण त्याच्यामुळे चौघांतला सर्वांत तंगीतला मुलगा मान वर करून जेवू शकतो. ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे की तक्रारी निघतात त्या मुख्यतः उपयोगासाठी केलेल्या मैत्रीत. चांगल्या माणसांच्या मैत्रीत त्या निघत नाहीत. मला वाटतं, तक्रार न निघण्याची दोन कारणं असतात, आणि त्यातलं एक म्हणजे बोलायची सोय नसणं.

मग २०१७ साल आलं. माझ्या पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. फेब्रुवारीत एका रात्री घरून फोन आला, बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या उशाशी हा फोन ठेवलेला असतो, त्यामुळे त्या रात्रीबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशीचं तिकीट पंधराशे डॉलरला होतं आणि ते माझ्याकडे नव्हते. मी तिला फोन केला. वीस मिनिटांत तिकीट माझ्या ईमेलवर आलं. आणखी दोन मिनिटांनी फोन वाजला. स्प्लिटवाइज. 'तिकीट. १५११ डॉलर ४० सेंट.' पूर्ण माझ्या नावावर.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी कपाळाला हात लावला. बाप अंथरुणावर आणि ही बाई नोंद करते? एकाने तर 'कॅलिफोर्निया लागली तिला' असं निदानही केलं. मला त्या क्षणी, विमानतळावर जायच्या घाईत, त्या नोंदीचा आधार वाटला. तिने मला दया दाखवली नव्हती. तू परत येशील, उभी राहशील आणि फेडशील, हे तिने गृहीत धरलं होतं. पंधराशे डॉलर तसेच देऊन टाकणं तिला तोवर सहज शक्य होतं. कर्ज फिटलं होतं, भंडाऱ्याचं घर मोकळं झालं होतं. तसं केलं असतं तर पुढचा प्रत्येक फोन करताना मी आधी आभाराचा सूर लावला असता.

बाबा वाचले. डावा हात गेला, बोलणं बरंचसं आलं. मी परत आल्यावर तिला विचारलं, महिन्याला पन्नास चालतील? ती म्हणाली, चालतील. तीस महिने.

तोपर्यंत आमचं बोलणं वर्षातून दोनदा, वाढदिवसाला आणि दिवाळीला, इतकं विरळ झालं होतं. तिला टीम, मला प्रबंध, तीन तासांचा वेळेचा फरक. आता दर महिन्याच्या एक तारखेला मी पन्नास डॉलर पाठवायचे आणि ते मिळाले म्हणून ती फोन करायची. पैसे पोचले हे फोन सांगतोच, तरी ती करायची. पाच मिनिटं, कधी दीड तास. तिचं लग्न ठरलं ते मला हप्त्याच्या फोनवर कळलं. मला पोस्टडॉक मिळाली, मी शहर बदललं, पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी घसरून खांबाला लागली, हे सगळं तिला एक तारखेला कळलं. हप्ता या शब्दाबद्दल तिचं जे मत होतं ते बदललं का, मी विचारलेलं नाही. बँकेचा हप्ता आणि हा हप्ता यांच्यातला फरक मात्र मला सांगता येतो: बँकेला तो संपण्यात रस असतो.

तेव्हा मैत्रीत हिशेब असावा, असं माझं म्हणणं आहे, लेखी असावा, आणि ज्याची परिस्थिती नाजूक आहे त्याच्या सोयीने असावा. घाई असू नये ती शून्यावर यायची. स्प्लिटवाइजमध्ये कर्जं सोपी करण्याची एक सोय आहे: मी तुमचं देणं लागते, तुम्ही तिसऱ्याचं, तर ॲप सांगतं की मी परस्पर तिसऱ्यालाच द्यावेत. गणित बरोबर असतं. पण मग तुमच्या-माझ्यातला एक फोन वाचतो, आणि तो वाचवायचा होता का, हे गणिताला विचारता येत नाही. मी ती सोय बंद ठेवली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तिसावा हप्ता गेला. १५०० पूर्ण झाले, वरचे ११ डॉलर ४० सेंट राहिले. ते मी पाठवले नाहीत. एकदा तिने विचारलं, "राहिलेत बरं का." मी म्हटलं, राहू दे. गेली सहा वर्षं दर ऑगस्टमध्ये ती ॲपमधलं आठवण करून देण्याचं बटण दाबते, माझ्या फोनवर रक्कम येते, आणि मी तिला फोन करून सांगते की महिना जरा ओढाताणीचा आहे. या वर्षी तिच्या पाच वर्षांच्या मुलीने मागून ओरडून विचारलं, मावशी पैसे का देत नाही? तर तिच्या आईने तिला सांगितलं, मावशीने आपले पैसे बुडवलेत, आपण पुढच्या उन्हाळ्यात तिला ग्रँड कॅन्यनला नेऊ आणि तिथे वसूल करू.